ट्रायकोकार्ड: उसात कामाचे, हरभऱ्यात वाया

सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असा जाड कागद, त्यावर डिंकाने चिकटवलेली खसखशीएवढी काळी अंडी आणि कोपऱ्यात तारखेचा शिक्का, एवढेच ट्रायकोकार्डाचे रूप आहे. कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्रे, काही साखर कारखाने आणि अलीकडे अनेक खासगी जैविक प्रयोगशाळा हे कार्ड विकतात. एका कार्डावर साधारणपणे २०,००० अंडी असतात. ही अंडी तांदळावरील पतंगाची असली तरी त्यांतून पतंगाची अळी निघत नाही. निघते ती ट्रायकोग्रामा नावाची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबीची, गांधीलमाशीच्या गटातली माशी. ती शेतात पिकावरच्या किडीची अंडी शोधून त्यांत आपले अंडे घालते आणि अळी जन्माला येण्याआधीच कीड संपवते. सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाच्या क्षेत्रात हे कार्ड काही हंगाम वापरल्यानंतर आणि कडधान्यांतही ते लावून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की उत्पादन अस्सल आहे, पण ज्या पद्धतीने ते विकले जाते ती पद्धत त्याच्या स्वभावाला धरून नाही. विक्रेता संख्या विकतो. शेतात मात्र काम होते ते त्या माशीचे, किडीच्या अंड्याचे आणि ज्या पानावर ते अंडे आहे त्या झाडाचे आपसांत जुळले तरच.

कार्ड कसे तयार होते हे माहीत असले, की ते विकत घेताना काय पाहावे हे आपोआप कळते. भरडलेल्या ज्वारी-बाजरीत तांदळावरील पतंग वाढवतात, त्यांची अंडी गोळा करून स्वच्छ करतात आणि अतिनील दिव्याखाली ठेवतात. त्यामुळे अंड्यातला गर्भ मरतो, पण आतला अन्नरस शाबूत राहतो. ही पायरी वगळली तर ज्या अंड्यांत माशीने अंडे घातलेले नाही त्यांतून पतंगाच्या अळ्या निघतात आणि शेजारची परजीवीग्रस्त, म्हणजे माशीने आत अंडे घातलेली, अंडी खाऊन टाकतात. त्यानंतर कार्डावर चिकटवलेली अंडी ट्रायकोग्रामाच्या माद्यांपुढे ठेवली जातात. तीन-चार दिवसांत परजीवीग्रस्त अंडी काळी पडतात, उरलेली पांढुरकी राहून पिचकतात. चांगले कार्ड म्हणूनच डोळ्यांनाही ओळखू येते: काळा रंग कार्डभर सारखा असावा, मधेमधे पांढरे चट्टे नसावेत. अंडे घातल्यापासून माशी बाहेर पडेपर्यंत उन्हाळ्यात आठ ते दहा दिवस लागतात, आणि प्रयोगशाळेपासून शेतापर्यंतचा सगळा व्यवहार या मुदतीतच उरकावा लागतो. फ्रीजच्या थंडाव्यात ही मुदत काही दिवस लांबवता येते, पण अनिश्चित काळ नाही.

ज्या कामासाठी मी कार्ड घेतो ते काम उसावरच्या खोडकिडीचे आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत लावलेला सुरू ऊस मार्च ते मे या कोरड्या, तापलेल्या महिन्यांत कोवळा असतो आणि नेमक्या याच काळात खोडकिडीचा जोर असतो. तिचा पतंग पानाच्या खालच्या बाजूला कौलांसारखी एकमेकांवर चढलेली, चपटी, पांढरी अंडी तीन ते पाच ओळींत घालतो. चार ते सहा दिवसांत अंडी उबतात, अळ्या पानाच्या देठाशी उतरतात आणि कोंबाला जमिनीलगत भोक पाडून आत शिरतात. त्यानंतर वाढीचा पोंगा, म्हणजे कोंबाच्या मधली कोवळी पाने, सुकतो. तो ओढला तर अलगद हातात येतो आणि त्याच्या बुडाला कुजका, उग्र वास असतो. एकदा अळी आत गेली की ट्रायकोग्रामाचा काहीही उपयोग नाही, कारण ती फक्त अंड्यावर जगते. म्हणजे या उत्पादनाची खिडकी चार ते सहा दिवसांची, आणि त्यातही माद्या ताजी अंडी जास्त पसंत करतात. गर्भ बराच वाढलेले अंडे त्यांना नकोसे असते. १० दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा कार्डे लावण्याची शिफारस या हिशेबातून आलेली आहे. माशी शेतात जेमतेम काही दिवस जगते, आणि पतंग मात्र महिनाभर अंडी घालत राहतात. हेक्टरी ५०,००० परजीवी ही नेहमीची मात्रा धरली तर एकरी एक कार्ड पुरते.

लावण्याची कृती सोपी आहे. कार्डावर छिद्रांच्या रेषा असतात, त्यांवरून पट्ट्या फाडायच्या आणि पानाच्या खालच्या बाजूला, उन्हाआड, स्टेपलरने टाचायच्या. माश्या बहुधा पहाटे बाहेर पडतात, म्हणून आदल्या संध्याकाळी लावणे उत्तम. इथे खरी अडचण मुंग्यांची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगातून पाहिले तेव्हा काही पट्ट्यांवर मुंग्यांची रांग लागलेली होती आणि काळी अंडी कागदावरून खरवडल्यासारखी नाहीशी झाली होती. डिंकाचे गोल ठसे तेवढे उरले होते. ज्या पट्ट्या शाबूत होत्या त्यांतल्या अंड्यांना टाचणीने पाडल्यासारखे वाटोळे भोक होते. माशी बाहेर पडल्याची हीच खूण. म्हणून आता मी माश्या बाहेर पडण्याच्या अगदी आदल्या दिवशीच पट्ट्या लावतो, जेणेकरून मुंग्यांना वेळ कमी मिळावा. विक्रेत्यांच्या सूचनापत्रात मुंग्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो, आणि ही उणीव किरकोळ नाही.

परिणामाबद्दल संयमाने बोलायला हवे. ज्या क्षेत्रात कार्डे वेळेवर लागली तिथे सुकलेले पोंगे कमी दिसले, हे खरे. पण त्याच क्षेत्रात मी सरीत पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांचे, आच्छादनही करतो, आणि पाचटामुळे खोडकीड कमी होते हे कृषी संशोधकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. त्यामुळे सगळे श्रेय कार्डाला देता येत नाही. शिवाय ऊस स्वतः या किडीला उत्तर देत असतो. मेलेल्या कोंबाच्या जागी तो नवे फुटवे काढतो, आणि सुरुवातीला भयंकर दिसणारे नुकसान बाळबांधणी आणि मोठी बांधणी (उसाला मातीची भर देण्याच्या दोन पायऱ्या) झाल्यानंतर पुष्कळसे भरून निघते. संशोधकांच्या निष्कर्षांतही एकवाक्यता नाही. काही ठिकाणी खोडकिडीवर ट्रायकोग्रामाचा परिणाम चांगला दिसला, काही ठिकाणी नगण्य. माझ्या मते उसासाठी हे कार्ड पाचपैकी साडेतीन गुणांचे आहे, आणि हे गुण ते फवारणीच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त पडते व इतर मित्रकीटकांना धक्का लावत नाही हे जमेस धरून दिलेले आहेत.

आता विक्रीच्या बाजूविषयी. आमच्या भागातल्या एका खासगी प्रयोगशाळेकडून कुरिअरने मागवलेली कार्डे ऐन उन्हात, साध्या कागदी पाकिटात आली, आणि पाकीट उघडताच आत मेलेल्या माश्यांची बारीक काळी धूळ सापडली. माश्या वाटेतच बाहेर पडून मेल्या होत्या. पाकिटावर केवळ ‘वापरण्याची अंतिम तारीख’ होती. अंडी केव्हा परजीवीग्रस्त केली ती तारीख नव्हती. ती एक तारीख छापली असती तर ग्राहकाला बोटांवर मोजून माशी कधी निघेल हे सांगता आले असते, आणि अंतिम तारखेपेक्षा तेच जास्त उपयोगाचे आहे. याउलट एका सहकारी तत्त्वावरच्या प्रयोगशाळेकडून प्रत्यक्ष जाऊन, थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीसोबत आणलेली कार्डे उत्तम निघाली. विकत घेतल्यावर मी एक छोटी पट्टी काचेच्या नळीत घालून तोंडाला कापसाचा बोळा लावतो आणि घरात सावलीत ठेवतो. नळीत माश्या प्रकाशाच्या दिशेला, वरच्या टोकाला गोळा होतात. मग उरलेल्या अंड्यांतली किती भोके पडलेली आहेत हे भिंगातून मोजले की कार्डाचा दर्जा समजतो. दहातली नऊ अंडी फुटली पाहिजेत. ही परीक्षा प्रत्येक ग्राहकाने करावी, कारण ती दुसरे कोणी करत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणीची सक्ती सूक्ष्मजीवांपासून बनवलेल्या कीडनाशकांना आहे. परजीवी कीटकांना ती नाही. नोंदणी नसल्याने हे उत्पादन स्वस्त आणि सुलभ राहिले आहे, पण त्याच कारणाने दर्जाही विक्रेत्याच्या सचोटीवर सोडलेला आहे.

कार्डावर ‘ट्रायकोग्रामा’ एवढेच छापलेले असेल तर मी ते घेत नाही. भारतात सर्वाधिक वाढवली जाते ती ट्रायकोग्रामा चिलोनिस ही जात, पण या जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत, की अनेक वर्षे आपल्याकडच्या जातीला ऑस्ट्रॅलिकम हे चुकीचे नाव दिले जात होते. १९७० च्या आसपास सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या कीटकशास्त्रज्ञांनी नरांच्या जननेंद्रियांच्या सूक्ष्म रचनेवरून या जाती वेगळ्या ओळखता येतात हे दाखवून तो गोंधळ मिटवला. जात बरोबर असली तरी तिची वंशावळ विचारण्यासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत, डब्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढलेली माशी उडणे, शोधणे आणि उन्हात तग धरणे यांत मागे पडत जाते, कारण तिथे शोधण्याची गरजच नसते. जे गुण शेतात जगवतात ते डब्यात निरुपयोगी असतात, आणि निवड कमी पडली की ते विरतात. म्हणूनच चांगली प्रयोगशाळा अधूनमधून शेतातून, उसावरच्या किडीच्या अंड्यांतून, नवी पैदास आणून साठ्यात मिसळते. हा प्रश्न मी विचारतो तेव्हा काही विक्रेते प्रांजळपणे उत्तर देतात, तर काहींना तो प्रश्नच कळत नाही.

माद्यांचे प्रमाणही पाहण्यासारखे असते, कारण अंडी घालणारी तीच. या गटात फलित अंड्यापासून मादी आणि अफलित अंड्यापासून नर होतो. त्यामुळे आईला अपत्याचे लिंग ठरवता येते. एकाच पुंजक्यातून निघालेले भाऊ-बहीण तिथल्या तिथे संयोग करतात, तेव्हा जास्त नर म्हणजे वाया गेलेला खर्च. १९६७ साली उत्क्रांतीचे अभ्यासक डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी अशा स्थितीत आया माद्याच अधिक का जन्माला घालतात याचे गणित मांडले. काही ट्रायकोग्रामांत नरांशिवायच सगळ्या माद्या निपजतात, आणि त्यामागे जिवाणू (तो व्होल्बाकिया असल्याचे पुढे कळले) असतो, हे १९९० साली प्रतिजैविके देऊन सिद्ध झाले: औषध दिल्यावर त्याच वंशात नर निपजू लागले. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की नळीतल्या माश्यांत निदान निम्म्याहून अधिक माद्या नसतील तर त्या कार्डावरचे २०,००० हे आकडे फसवे आहेत.

आता ज्यासाठी हे परीक्षण मुळात लिहायला घेतले त्या मुद्द्याकडे येतो. अनेक दुकानांत ट्रायकोकार्ड ‘सर्व पिकांसाठी’ म्हणून दिले जाते, आणि हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीसाठी तर ते हमखास सुचवले जाते. घाटेअळीच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा वाढते, हे खोटे नाही. कापसावर आणि ज्वारीवर ती अंडी तिला सापडतातही. पण हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर आणि घाट्यांवर ग्रंथियुक्त केस असतात आणि त्यांतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्लांचा स्राव होतो. पहाटे शेतातून चालताना पायांना लागते ती आंब हीच. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीला अशा पानावर चालणे म्हणजे चिकट आम्लाच्या थेंबांतून वाट काढणे असते. मी हरभऱ्यात पट्ट्या लावल्या तेव्हा माश्या बाहेर पडल्याच्या खुणा व्यवस्थित होत्या, पण आसपासच्या शेंड्यांवरची अंडी पांढरीच राहिली आणि वेळेवर उबली. हैदराबादजवळच्या पटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतही हेच दिसले होते: ज्वारीवरच्या घाटेअळीच्या अंड्यांत ट्रायकोग्रामाचे प्रमाण भरपूर, आणि त्याच भागातल्या तुरीवरच्या अंड्यांत अगदी नगण्य. तुरीच्या शेंगांवरचे केस, त्यांचा चिकटपणा आणि झाडाचा वास या गोष्टींनी माशी अडते.

यातली गंमत अशी, की झाडाने हे केस आणि ही आंब किडींपासून बचावासाठी मिळवली असावीत, पण घाटेअळी ती सोसते आणि तिचा शत्रू मात्र तिथे पोहोचू शकत नाही. झाडाची ढाल किडीच्या कामी आली. जेफ्रीज आणि लॉटन या परिस्थितिशास्त्रज्ञांनी १९८४ साली अशा ‘शत्रुमुक्त जागे’ची कल्पना सविस्तर मांडली: एखादी कीड एखाद्या झाडावर का टिकते याचे उत्तर त्या झाडाच्या पौष्टिकतेत असेलच असे नाही, ते तिथे शत्रू कमी असण्यातही असू शकते. ज्या दुकानदाराला हरभऱ्यासाठी ट्रायकोकार्ड द्यायचे आहे, त्याने हे एवढे तरी जाणून घ्यावे. हरभऱ्यासाठी माझे गुण शून्य आहेत. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे), पक्षिथांबे आणि घाटेअळीला मारणारा विषाणू हे तिथे अधिक शहाणपणाचे खर्च आहेत.

वनस्पतीची बाजू नेहमी अशी उलटीच असते असेही नाही. आफ्रिकेत मक्यावरच्या खोडकिडीचा अभ्यास करताना आयसीआयपीई या कीटक-संशोधन संस्थेतल्या संशोधकांना २०११ साली असे आढळले, की मक्याच्या काही जुन्या लॅटिन अमेरिकी वाणांवर पतंगाने अंडी घातली, की पाने असा वास सोडतात ज्याने अंड्यांवरचे आणि अळ्यांवरचे परजीवी ओढले जातात. बाजारातल्या संकरित वाणांत हा गुण आढळला नाही. उत्पादन वाढवण्यासाठी निवड करताना मदतीला हाक मारण्याची क्षमता नकळत गळून गेली, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. उसाचे नवे वाण निवडताना पोंगामर (सुकलेले पोंगे) किती आहे हे मोजतात, पण परजीवी किती आले हेही मोजावे, असे मला वाटते.

उसातही ट्रायकोकार्ड सगळ्या किडींवर चालत नाही. शेंडेकिडीची मादी आपल्या अंड्यांच्या पुंजक्यावर शरीराच्या टोकावरच्या पिवळसर तपकिरी केसांचे पांघरूण घालते. ते पांघरूण ओलांडून अंड्यापर्यंत पोहोचणे चिलोनिसला जड जाते, आणि म्हणून तिथे ट्रायकोग्रामा जापोनिकम या दुसऱ्या जातीची शिफारस होते. उसाचा रस शोषणाऱ्या लोकरी माव्यासाठी ट्रायकोकार्ड मागणारे ग्राहकही मी पाहिले आहेत, आणि ते देणारे विक्रेतेही. मावा उसावर अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो. मग अंड्यावरच जगणारा परजीवी तिथे करणार काय? २००२ साली सांगली जिल्ह्यातून हा मावा राज्यभर पसरला तेव्हा त्याला आटोक्यात आणण्यात डिफा अफिडिव्होरा या मावाभक्षक पतंगाच्या अळ्यांनी आणि मायक्रोमस या भक्षकाने मोठा वाटा उचलला. ते कीटक कार्डावर चिकटवून विकता येत नाहीत. मावा असलेल्या पानांसकट एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यावे लागतात, आणि त्या काळात शेतकऱ्यांनी ते नेलेही.

फवारणीचा प्रश्न उरतो. कार्ड लावण्याच्या आधी आणि नंतर काही दिवस रासायनिक कीटकनाशक फवारू नये, ही सूचना बहुतेक पाकिटांवर असते आणि ती तंतोतंत पाळावी. बंगळूरच्या तत्कालीन जैविक कीड नियंत्रण प्रकल्प संचालनालयाने यावर वेगळाच उपाय शोधला होता. चिलोनिसच्या पिढ्यांवर पिढ्या एंडोसल्फान या कीटकनाशकाच्या सान्निध्यात वाढवून, जगलेल्यांचीच पैदास करून, त्यांनी ‘एंडोग्राम’ नावाचा सहनशील वंश तयार केला. किडी ज्या वाटेने औषधाला निर्ढावतात त्याच वाटेने शत्रूला निर्ढावण्याची ही कल्पना मला आजही हुशारीची वाटते. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली आणि त्या वंशाच्या मूळ गुणाचा उपयोगच संपला.

पुढच्या सुरू हंगामासाठी मी कार्डे पुन्हा घेणार आहे, पण काही अटींवर: जातीचे पूर्ण नाव छापलेले असावे, अंडी परजीवीग्रस्त केल्याची तारीख पाकिटावर असावी, साठ्यात शेतातली पैदास शेवटची कधी मिसळली हे विक्रेत्याला सांगता यावे, आणि माल कुरिअरने न पाठवता मला स्वतः थंड पेटीतून नेऊ द्यावा. लागवडीची तारीख आधी कळवून मार्चपासूनची कार्डे १० दिवसांच्या अंतराने राखून ठेवायला सांगणे हेही आवश्यक आहे. ऐन वेळी फोन केला तर प्रयोगशाळेत उरलेलाच माल मिळतो, आणि तो बहुधा त्या आठ-दहा दिवसांच्या मुदतीच्या शेवटाला आलेला असतो.